पाचवं शील

मित्राच्या मुलीच्या, सुरुचीच्या साक्षगंधाला, नवऱ्या मुलाकडची माणसं समोर बसलेली असताना, गोपीनाथ वासनिक वंदना घ्यायला उठले, दोन पावलं चालले आणि तिसऱ्या पावलाला मुलाच्या काकांच्या मांडीवर जाऊन बसले. उठू पाहिलं तर पुन्हा तिथंच. "माफ करा," म्हणाले, तेही जीभ जड झाल्यासारखं.

लखनौच्या आलमबागमधल्या रेल्वे क्वार्टरच्या त्या अंगणात कुणी हसलं नाही. हसले असते तर त्यांच्या बायकोला, शैलाला, बरं वाटलं असतं. काकांनी फक्त नाक जरासं पुढं करून वास घेतला, आणि ते अख्ख्या मांडवानं पाहिलं.

आता हा माणूस असा की खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीमागचं बारीक अक्षर वाचून घेणार, त्यात काही 'तसलं' नाही ना म्हणून. वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात दारूचं नावही निघालं नव्हतं. लखनौमधल्या मराठी बौद्ध मंडळींचे बौद्धाचार्य तेच. भन्ते कानपूरहून यायचे, ते सवड असली तर. म्हणून आजवर अकरा लग्नं गोपीनाथांनीच लावली होती. वधूवरांना पंचशील तेच देत. पाचवं शील, नशापाण्यापासून दूर राहण्याचं, जरा जास्तच मोठ्यानं.

आणि हात मात्र दोन वर्षांपासून थरथरायचा. कप बशीवर असा वाजे की शेजारच्या खोलीतून शैलाला कळे, चहा तोंडापर्यंत पोचला की नाही. ऑफिसात लोक गमतीनं म्हणत, "वासनिकजी, शाम की सुबह तक उतरी नहीं?" घरी येऊन ते हे हसत सांगत, पण त्या दिवशी चहा नको म्हणत.

शेवटी शैलानं त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. दमा आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी एक गोळी बादच केली, दुसरी लिहून दिली. रात्री झोपताना पाव गोळी, मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढवायची. बाहेरचा दुकानदार चिठ्ठी बघून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडला, "ये तो मिरगी वाली है! किसको आती है, बहनजी?"

शैलानं आधी आजूबाजूला पाहिलं. लेक सोनूसाठी अकोल्याच्या एका स्थळाची पत्रं चालू होती. बापाला फिट येते एवढं कळायचा अवकाश, पत्रं बंद. तिनं गोळ्या डाळीच्या डब्यामागं ठेवल्या.

आणि पाव गोळी? पाव गोळी तर लेकरांना देतात! साक्षगंधाच्या सकाळी गोपीनाथ म्हणाले, "आज मेणबत्ती लावताना हात हलू नये बा." तेव्हा शैलानं अख्खी गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. दुधाबरोबर.

पुढं जे झालं ते झालं. घरी आल्यावर दोनदा ओकले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपले.

मंगळवारी सुरुचीचे बाबा आले. रमाकांत. चप्पल काढली, जय भीम झाला, मग खुर्चीच्या कडेला टेकले.

"वहिनी, लग्नाला म्हणतो, कानपूरच्या भन्तेंनाच बोलवावं. भाऊंनाही जरा आराम."

"आरामाचं निमित्त कशाला, भाऊजी? ते प्यायले होते, असंच ना?"

"मी नाही म्हणत हो. मी पंचवीस वर्षं ओळखतो. पण तिकडची माणसं... त्यांना काय सांगू?"

आतल्या खोलीत गोपीनाथ जागे होते. खाट करकरली, पण ते बाहेर आले नाहीत. ते बाहेर आले नाहीत, हेच शैलाला सहन होईना. ऐन तारुण्यात हा माणूस भर सभेत कुणालाही उत्तर द्यायचा.

ॲसिडिटी म्हणावं, ती मनाशी म्हणाली. चक्कर म्हणावं. उन्हाळा म्हणावं, जरी फेब्रुवारी असला तरी. मग ती उठली आणि डाळीच्या डब्यामागून गोळ्यांची पट्टी आणून रमाकांतांच्या हातात दिली.

"हात हलतो त्याची गोळी. पाव द्यायची होती, मी अख्खी दिली. त्यांची चूक नाही, माझी आहे."

रमाकांतांनी चष्मा वर करून नाव वाचलं. आवाज खाली गेला. "वहिनी, ही तर मिरगीची. माझा भाचा घेतो."

"मिरगीवर पण चालते, हातावर पण चालते. यांना मिरगी नाही. पण लोक तेच म्हणतील, मला ठाऊक आहे."

"अन् सोनूचं?"

सोनू दारातच उभी होती. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र लखनौची हिंदी. "बता दीजिए अंकल, सबको. पापा बीमार कहलाएँ, चलेगा. शराबी नहीं."

"तू चूप गं," शैला म्हणाली.

रमाकांत पट्टी उलटसुलट करत राहिले. मग आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "भाऊ, शील तुम्हीच द्यायचं. पण गोळी वहिनींच्या हातून घेऊ नका."

आतून पहिल्यांदा खोकल्यासारखं हसू आलं.

त्याच आठवड्यात ती दोघं पुन्हा डॉक्टरांकडं गेली. बाकावर शेजारी एक म्हातारे शिंपी होते. "मुझे दूसरी वाली दी थी," ते सांगू लागले, म्हणजे गोपीनाथांना दम्यामुळं बाद झालेली. "हाथ तो थमा, मगर पाँव बर्फ, और सपने ऐसे कि बेगम को जगा-जगा के सुनाता था. सुई में धागा जाता है तो सब मंज़ूर." गोपीनाथांनी त्यांना स्वप्नं विचारली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. डॉक्टर मात्र शैलावर चिडले, आणि तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. पाव गोळी, रात्रीच, अशी नव्यानं सुरुवात झाली.

लग्नात गोपीनाथ खुर्चीवर बसून होते. हात थरथरत होता, थोडा कमी. झापड येत होती. दोनदा जांभई दाबली. मेणबत्ती त्यांनी वधूवरांकडूनच लावून घेतली. पाचव्या शीलाला थांबले. मुलाचे काका पहिल्या रांगेत. रमाकांतांनी सगळ्यांना सांगितलं होतं, त्यांनाही, पण सांगितलेलं पटतंच असं नाही.

"सुरामेरय-मज्ज-पमादट्ठाना वेरमणी," गोपीनाथ स्वच्छ म्हणाले, आणि वधूवर त्यांच्यामागून.

अकोल्याचं पत्र त्यानंतर आलं नाही. शैलानं आठ दिवस पोस्टमनची वाट पाहिली, मग सोडून दिली.

पण लग्नाच्या जेवणातच अलीगंजची एक अनोळखी बाई पदर सावरत शैलाच्या पानाशेजारी येऊन बसली होती. "ताई, आमच्या सासऱ्यांचेही हात असेच हलतात. कुणाला सांगत नाही आम्ही. ती गोळी कोणती? चक्कर येते का हो?"

"येते," शैला म्हणाली आणि पोळीचा घास खाली ठेवला. "कोणती ते डॉक्टरच ठरवतील. पण आधी सांगा, दमा आहे का त्यांना? आणि पाव लिहिली तर पावच द्या बरं. पहिल्या दिवशी घरीच ठेवा. कुणाच्या साक्षगंधाला तर मुळीच नेऊ नका."