घड्याळाखाली हलणारा झेंडा

मित्रांनो, मी एक जुना झेंडा आहे. पण मला पाहून कुणी ताठ उभे राहत नाही की सलामी देत नाही. मी आपला हातात धरून हलवायचा झेंडा. लाल कापड, त्यावर पांढऱ्या काठाचा निळा क्रूस आणि एक लाकडी दांडी, एवढाच माझा संसार.

मला गुनवोरने शिवले. तिची मुलगी तुरिल शाळेतून पहिल्यांदाच सतरा मेच्या, आमच्या राष्ट्रीय दिनाच्या, मिरवणुकीला जाणार होती आणि दुकानातले झेंडे गुनवोरला पसंत पडेनात. "कागदी झेंड्यात काय जीव असतो?" म्हणत तिने सरळ घरातला लाल पडदा कापला. तिचा नवरा हालवार्ड ओरडला, "अगं, मग खिडकीला काय लावणार?"

"तुझी विजार लाव!"

अशी होती ती. तिचा एकच नियम होता. झेंडा जमिनीला टेकता कामा नये. मिरवणुकीत आइस्क्रीम पडले तरी चालेल, तुरिल स्वतः पडली तरी चालेल, मी पडायचो नाही.

पुढे तुरिल नोकरीसाठी एडिंबरोला गेली आणि मला दुसरे काम मिळाले. आमच्याकडे दूरचे माणूस घरी येते, तेव्हा घरचे लोक विमानतळावर झेंडा घेऊन उभे राहतात. गुनवोर ओस्लोच्या विमानतळावर घड्याळाखाली उभी राही आणि लेक दारातून बाहेर येताच मला असा हलवी, की शेजारचे लोक आपापली डोकी सांभाळत. तुरिल लाजून म्हणे, "आई, पुरे ना! मी काय ऑलिम्पिक जिंकून आलेय?" पण पाऊल बाहेर टाकताच तिचे डोळे आधी मलाच शोधत. ते मला ठाऊक होते, म्हणून मी जरा तोऱ्यातच असे.

मग गुनवोर आजारी पडली. डॉक्टरांनी हालवार्डला बाजूला घेऊन सांगितले, मुलीला बोलावून घ्या. तुरिलने हाती लागले ते पहिले तिकीट काढले. त्यावर ओस्लो लिहिले होते. अशा वेळी माणूस आणखी काय वाचणार?

लेकीला आणायला मीच जाणार, असा गुनवोरने हट्ट धरला. शेवटी हॉस्पिटलने दुपारपुरते सोडले. हालवार्डने तिला चाकांच्या खुर्चीत बसवून घड्याळाखाली आणले. सोबत थर्मासमधली कॉफी होती आणि तिच्या मुठीत मी होतो. तिचा हात इतका वाळला होता, की मीसुद्धा तिला जड होत असेन.

फोन वाजला. "आई, मी बाहेर आलेय. कुठेयस तू?"

"अगं, घड्याळाखाली!"

"इथे घड्याळच नाहीये, आई."

तुरिल ग्रान्विकच्या विमानतळावर उतरली होती. तिथून आमच्यापर्यंत यायला बसने अर्धा दिवस मोडतो. ती देश सोडून गेली, तेव्हा त्या विमानतळाला ग्रान्विक हेच नाव होते. मागाहून कुणी तरी त्याच्यापुढे ओस्लो लावले. ओस्लो मोठ्या अक्षरांत लिहिले आणि बिचारे ग्रान्विक बारीक होऊन गेले. तुरिल फोनवरच रडू लागली.

गुनवोर मात्र हसली. "आपलं ओस्लो एवढं वाढलं होय? रडू नकोस गं. इथेच ये. मी आहे."

"चल, परत जाऊ," हालवार्ड म्हणाला. "ती हॉस्पिटलात येईल ना."

"लेक आली आणि पुढे झेंडा नाही, असं झालंय का कधी?"

ती हलेना. तेव्हा त्याने तिची खुर्ची बस थांबते त्या दाराकडे वळवली. दार उघडले की ती मला उचले. लोकांच्या लेकी येत होत्या, त्यांच्यासाठीही तिने मला थोडे थोडे हलवले. कॉफी निवली. तिचा हात आधी मांडीवर आला, मग खुर्चीच्या बाजूला लोंबला. आणि मित्रांनो, मी जमिनीवर पडलो.

हालवार्डला वाटले, डुलकी लागली असेल. मला मात्र तेव्हाच कळले. शुद्धीत असती तर तिने मला कधीच पडू दिले नसते.

हाक मारूनही ती उठेना, तेव्हा हालवार्डने तिला परत हॉस्पिटलात नेले. तुरिल तिथे पोचली, तेव्हा गुनवोरचा श्वास चालू होता, पण डोळे मिटलेले होते. हालवार्डने मला लेकीच्या हातात दिले. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि आईसारखीच मला जोरजोरात हलवू लागली. नर्स बाजूला सरकली. आजवर मी येणाऱ्यासाठी हललो होतो. त्या दिवशी जाणाऱ्यासाठी हललो. गुनवोरने डोळे उघडले नाहीत.

नंतर स्वयंपाकघरात बसून तुरिल बापाला सांगत होती, "ग्रान्विकच्या कॉफीवालीवर मी खूप ओरडले, बाबा. ती म्हणाली, 'पोरी, ग्रान्विक म्हटलं तर इथे कोण उतरणार? ओस्लो नाव लागलं म्हणून आमच्या घरात चूल पेटते.'"

"तिचंही खोटं नाही गं," हालवार्ड म्हणाला. "पण मग किती लांब आहे, तेही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहायचं होतं."

माझ्या एका टोकाला विमानतळावरच्या त्या फरशीचा काळा डाग अजून आहे. तुरिल तो धुऊ देत नाही. आता ती यायची असली की हालवार्ड आधी फोनवर विचारतो, "कुठल्या ओस्लोला?" दोघेही हसत नाहीत.

मित्रांनो, मी कापडाचा तुकडा, मला व्यापारातले काय कळणार? पण उद्या मोठे होऊन तुम्ही एखाद्या ठिकाणाला नाव द्याल, तेव्हा लांबच्याला लांबचे म्हणा. त्या नावावर विसंबून कुणी तरी घड्याळाखाली हात वर करून बसलेले असते.