दोन सुलटे, दोन उलटे

रामभाऊंनी ट्रान्झिस्टरच्या पाठीवर दोन थापा मारल्या, तेव्हा बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज एकदा उसळून वर आला आणि पुन्हा खरखरीत बुडाला. सातच्या बातम्या निम्म्यावर आल्या होत्या. त्यांनी बटण पिळून आवाज शेवटपर्यंत नेला, कान जाळीला लावला. आत मुंग्या चालल्यासारखी खसखस तेवढी उरली होती.

“आवो, जाऊंद्या ना त्येला,” रंगुबाई म्हणाली.

ती उंबऱ्याशी बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मुलाचा, बुद्धघोषचा, निळा शर्ट. कंपनीनं त्याला दोन दिले होते. एक घरी राहिला होता. तसाच एक सहा दिवसांपूर्वी, कालव्याचं पाणी बंद झाल्यावर, तिथल्या लोखंडी दरवाजाजवळच्या गाळात सापडला. त्या शर्टात जे उरलं होतं ते जुलै-ऑगस्टमधलं असावं, त्यानंतरचं असूच शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. फौजदारांनी ते फोनवर दोनदा सांगितलं. आज बारामतीला जाऊन ओळख जुळवण्यासाठी बापानं रक्त द्यायचं होतं.

“बातम्या झाल्या की निघू.”

“बातम्या कुठं ऐकू येत्यात तुमाला?”

 रामभाऊंनी ट्रान्झिस्टर उन्हाच्या पट्ट्यात ठेवला. गार पडलेला सेल उन्हानं घटकाभर तरतरीत होतो, हे त्यांना ठाऊक होतं. पाच मिनिटं थांबले. पुन्हा बटण फिरवलं. खसखससुद्धा गेली होती.

मागचं झाकण उघडायला त्यांचा हात धजत नव्हता.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी कालव्याची पातळी लिहिली. ती सवय घरात शिरली होती. बल्ब लावला की त्याच्या टोपीवर तारीख, गॅसची टाकी आली की भिंतीवर तारीख, रेडिओत सेल भरले की चारही सेलांवर बॉलपेनानं तारीख. आत आता दोन-सात असणार. जुलैची दोन.

त्या दिवशी त्यांना निरवांगीच्या चहाच्या टपरीवर कळलं की, बुद्धघोषचं कंत्राट मार्चमध्येच संपलंय. तीन महिने पोरगा डबा घेऊन रोज सकाळी निघत होता, तो कुठं, कुणाला माहीत नव्हतं. ते तणतणत घरी आले. पोरगा रेडिओत सेल भरत बसला होता. दोन सुलटे, दोन उलटे बसवायचे असतात. त्यानं तीन सुलटे बसवले होते. रेडिओ मुका.

“एकोणतीस वर्साचा घोडा,” रामभाऊ म्हणाले होते. “सेल घालायची अक्कल न्हाय, अन् बापाला फसवतोय.”

त्यांनी सेल काढून नीट बसवले, तारीख घातली, बातम्या लावल्या. बातम्या संपल्या तेव्हा पोरगा घरात नव्हता. फोन त्या रात्रीपासून बंद.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. जावई आला होता, करुणाचा नवरा सोमनाथ.

“जयभीम मामा. निघायचं ना? दहाला बोलावलंय.”

“पाच मिनिटं, सोमनाथराव. सेल घालतो.”

सोमनाथनं सासूकडं पाहिलं. तिनं नजर पिशवीवरून हलवली नाही.

रामभाऊंनी पत्र्याच्या डब्यातून चार नवे सेल काढले. हे जाडे सेल आता सगळीकडं मिळत नसत. इंदापूरला गेले की ते ढिगानं आणून ठेवत. डबा जुलैपासून त्यांनी मोजला नव्हता. मग ट्रान्झिस्टर मांडीवर पालथा घेतला, खाचेत नख घातलं. झाकण निघालं. दोन सुलटे, दोन उलटे. पहिला सेल हातात घेऊन त्यांनी चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

दुसरा काढला. तिसरा. चौथा.

“ह्येच्यावर कुणी लिवलं?”

“तुमीच लिवता की.”

“माझा नऊ असा न्हाय.”

सेलावर ९/१० होतं. नवाचं पोट उघडं होतं. पोरगा तिसरीत असताना रामभाऊंनी त्यासाठी त्याच्याकडून दोन पानं भरून घेतली होती. नऊ काही मिटला नव्हता.

“ऑक्टोबरच्या नऊला आपण कुठं हुतो?” रामभाऊंनी विचारलं.

“करुणाकडं. बारशाला. तीन दिस,” रंगुबाई म्हणाली. मग तिनं मान वर केली. “आलो तवा लोणच्याची बरणी निम्मी हुती. मी तुमालाच बोलले.”

“मी सांगत हुतो, मी खाल्लं न्हाय.”

“किल्ली तर कोनाड्यातच हुती हो.”

पिशवी तिच्या मांडीवरून घसरली. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मोठ्यानं रडली. जुलैपासून ती अशी रडली नव्हती.

सोमनाथनं एक सेल उचलला, तारीख वाचली. बराच वेळ वाचत राहिला.

“मग आता जायचं का, मामा?”

रामभाऊ टोपी घालत होते. टोपी दोनदा वाकडी बसली.

“जायचं. रक्त द्यायचं.”

“पण आता...”

“कुणाचं तरी पोरगं हाय ते, सोमनाथराव. माझं जुळलं न्हाय, म्हंजी त्येच्या माणसास्नी हुडकतील.”

त्यांनी ट्रान्झिस्टर फळीवर नेऊन ठेवला. पाठ उघडी, खण रिकामा. शेजारी चार नवे सेल ओळीनं उभे केले. खिशातलं बॉलपेन काढलं, टोपण घट्ट आहे का पाहिलं आणि सेलांच्या पुढ्यात आडवं ठेवलं.

रंगुबाई डोळे पुसत बाहेर आली. त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली कोनाड्यात सरकवली. गाडीशी पोचल्यावर तिला आठवलं.

“आवो, सेल घालायचं ऱ्हायलंच की.”

“ऱ्हाऊ दे,” रामभाऊ म्हणाले आणि दार धरून गाडीत चढले. “येतंय आता त्येला.”