निवळ बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेत समुद्र बाटल्यांतून येतो. पाणी गाळायचं, कागदावर राहिलेली वाळू वाळवून तोलायची आणि वजन लिहायचं, हे माझं काम. दोन वर्षं मी जवळजवळ शून्यच लिहीत आलो.

समुद्र खवळला की नमुने घ्यायला होडी न्यायची नाही, असा नियम. लाट तळाची वाळू ढवळून वर उचलते आणि प्रवाह ती पुढे ओढून नेतो. लाटा शांत असल्या की प्रवाहाच्या हाती फारसं काही लागत नाही. म्हणजे ज्या दिवशी आम्ही चहा पीत बसायचो, नेमकी त्याच दिवशी वाळू जायची. साहेबांना एकदा तसं म्हणालो. होडीवाला बुडाला तर तू जबाबदार का, असं त्यांनी विचारलं. मी पुढची बाटली गाळायला घेतली.

'वाळू हलत नाही, बंधाऱ्याची गरज नाही' या अहवालावर तोलणाऱ्याची सही लागत होती. मी केली. ज्या किनाऱ्याचा तो अहवाल, तिथेच माझी थोरली बहीण राहते. भाऊ त्या खात्यात आहे म्हणून ती निर्धास्त होती.

परवा चार दिवसांच्या वादळानंतर तिचा फोन आला. गेलो, तर मागच्या दाराच्या पायऱ्या अधांतरी लटकत होत्या. स्वयंपाकघराची भिंत तडकली होती. भांडी आणि अंथरुणाला खिळलेल्या दाजींची खाट तिने पुढच्या खोलीत आणली होती. मला कुठली अवदसा आठवली कोण जाणे, ऑफिसची बाटली घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरलो आणि तळाजवळून भरून आणली. पुढच्या खोलीत खाटेजवळ ठेवली. चहा होईपर्यंत तळाशी दोन बोटं वाळू बसली. दोन वर्षांत एवढी मी कधी पाहिली नव्हती.

फोटो पाठवला. साहेबांनी लगेच फोन केला. वेळापत्रकाबाहेरचा नमुना धरता येत नाही, अहवाल कधीच मंजूर झाला, आता दुसरा किनारा घ्यायचाय, असं ते अगदी समजुतीने सांगत होते.

ताई बाटलीकडे बघत होती.

"वादळात असं होतं, हे तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो."

"आणि सही केलीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे स्वयंपाकघराच्या भिंतीचा गिलावा पडला. ताईने वळूनही पाहिलं नाही.

"यांची खाट अजून हातभर पुढे घेऊ," ती म्हणाली. "तिकडून धर."

रस्त्याच्या दारापर्यंत तेवढीच जागा उरली होती.