दोऱ्यावरचे व्हॉल्व्ह

दोऱ्याला टांगलेला व्हॉल्व्ह अजून हलत होता, म्हणजे पाना लागला होता, पण आवाज... कृष्णकांतने डोळे आणखी घट्ट मिटले. डावा झाला, उजवा झाला, पुन्हा डावा. दोन्ही सारखेच. लांबचे, कापसात गुंडाळल्यासारखे.

समोर बाकड्यावर रामनाथ बसला होता. माकुणसारला त्याची पानवेलींची वाडी, आणि पानांच्या करंड्या स्टेशनवर आणणाऱ्या जीपचे व्हॉल्व्ह जळलेले. पासष्टच्या लढाईनंतर परदेशी माल मिळेनासा झाला, तरी दोन महिने थांबून त्याने मुंबईहून कंपनीचा संच मिळवला होता. आणि हल्ली कंपनीच्या खोक्यातही डुप्लिकेट निघतो असं ऐकून, ताडून बघायला बोईसरहून एक डुप्लिकेट संचही आणला होता. निवाडा कृष्णकांत मिस्त्रीने कानाने करायचा, ही पालघरातली रीतच. दोन्ही संचांतला एकेक व्हॉल्व्ह दोऱ्याला टांगून पाना मारायचा; अस्सल असेल तो घंटेसारखा खणखणतो, डुप्लिकेट बोदा वाजतो. हलका व्हॉल्व्ह बसला तर एक दिवस तुटून आत पडणार आणि पिस्टनची वाट लागणार.

आणि मी काय केलं, कृष्णकांतच्या मनात आलं. नेहमीचंच. खोकं खोटं बोलतं, लोखंड नाही, असं म्हणत दोन्ही खोकी आधीच चहाच्या चुलीत घातली. व्हॉल्व्हवरचे शिक्के तर दोन्हींकडे सारखेच. वीस वर्षं ही ऐट मिरवली, आज ती अंगाशी आली... डाव्या बाजूचे चार कुठल्या खोक्यातले, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कामावरचा ट्रक रस्त्याने गेला, तो त्याला पायाखालच्या थरथरीतून कळला. किती महिने चाललंय हे? घरी बायको, शैला, तीनदा हाक मारते, मग भांडं आपटते, आणि आपण म्हणायचं, कामाच्या तंद्रीत होतो. ऐकू आल्याचं सोंग करून करून जीव नुसता शिणून गेलाय. आणि या महिन्यांत नुसत्या अंदाजाने ‘ठीक आहे’ म्हणून सोडलेली ती सगळी इंजिनं...

“डावे अस्सल,” तो म्हणाला. काहीतरी म्हणायला हवं होतं.

रामनाथने लगेच मान डोलावली. मिस्त्रींचा शब्द म्हणजे झालं. मग उठून, सहज गंमत म्हणून, त्याने पाना उचलला आणि दोन्हींवर हलकेच मारला. कपाळाला आठी पडली. त्याने पुन्हा मारून पाहिला.

“मिस्त्री, यो डावा तर बोदा वाजतो.” तो जरा घुटमळला. “का आमालाच कलत नाय?”

तुलाच कळत नाही, एवढं म्हटलं की सुटलो. त्याने विश्वास ठेवला असता, हसून तंबाखू मळत बसला असता. वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि कृष्णकांतला स्वतःची लाज वाटली. अंग भरून लाज. पण तिच्यामागून, डोक्यावरचा भारा क्षणभर बांधावर टेकवावा तसं काहीतरी...

“पुन्हा मार, आणि कुठला खणखणतो ते तूच सांग,” तो म्हणाला, आणि या वेळी डोळे न मिटता रामनाथच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.