घर बघायला बाई आल्या

दत्तक संस्थेच्या बाई अकरा वाजता घर बघायला येणार होत्या, आणि घरात बसून लोकांचे कपडे शिवणारी ती, आज मशीनला हात न लावता, सकाळी सातपासून सामानावर चादरी घालत सुटली होती.

"अगं, चादरीनं संशय आणखी वाढतो," वायरमन नवरा म्हणाला. "वाटतं, आत कुणी लपून बसलंय."

तिला हसू आलं नाही. आदल्या दिवशी थोरली बहीण येऊन चारी भिंतींवर नजर फिरवून गेली होती. "घर आहे की भंगाराचं दुकान? मूल मागताय ना? मग निदान एक तरी वस्तू कोरी आणा!" तेव्हापासून ते वाक्य तिच्या डोक्यात भुणभुणत होतं.

खोटं तरी काय होतं त्यात? पुस्तकं रंगाऱ्याच्या जुन्या शिडीच्या पायऱ्यांवर. जेवायचं टेबल शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर. वरचा दिवा म्हणजे उलटी टांगलेली पिठाची चाळण. सगळं रविवारच्या जुन्या बाजारातलं. बाळाच्या खोलीत तर छोट्या पलंगाच्या डोक्याशी एक अख्खं निळं दार भिंतीला स्क्रूंनी बसवलेलं, जागोजाग पोपडे आलेलं. दोघांचा त्या दारावर भारी जीव.

बाई वीस मिनिटं आधीच आल्या. चादरी तशाच होत्या. बाईंनी एक उचलून खाली पाहिलं. शिडी हलवून बघितली. ती डुगडुगली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाळाच्या खोलीत बाईंनी दारावरून नख ओढलं. निळा पापुद्रा सुटून उशीवर पडला.

"हा रंग किती जुना?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

"जुन्या रंगात शिसं असू शकतं. रांगतं मूल दिसेल ते तोंडात घालतं. पोटात गेलं तर..."

"अहो, पण आम्ही ते दार धुऊन..." नवरा समजवायला लागला, तोवर ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलीसुद्धा. "आत्ता काढते." पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजला होता. स्क्रू ड्रायव्हर घसरून अंगठ्याला लागला.

"थांबा. घाईनं नको. आणि घरात खरवडू नका, धूळ उडते. ओल्या कापडात गुंडाळून बाहेर न्या." बाई स्टुलावर बसल्या. "एक स्पष्ट बोलू? मूल म्हणजे दुरुस्तीला आणलेली वस्तू नव्हे."

नवऱ्यानं मान खाली घातली. तिचे कान तापले. संपलं सगळं, असंच तिला वाटलं. मग भीड कशाला ठेवायची?

"तीनदा पोटातलं मूल गेलं आमचं," ती म्हणाली. "दर वेळी घर खायला उठायचं, म्हणून बाजारात जायचो. काहीतरी उचलून आणायचं आणि घासत बसायचं. पण बाई, खुर्चीला मी मला हवा तो रंग देते. मूल स्वतःचा स्वभाव घेऊन येणार, एवढं कळतं मला."

बाईंनी वही मिटली. "पंधरा दिवसांनी पुन्हा येते."

त्या पंधरा दिवसांत दार गेलं. शिडी सहा स्क्रूंनी भिंतीला जखडली गेली. रंगाचा पोपडा दिसेल ती वस्तू तिनं घराबाहेर काढली. घर अर्धं झालं. दुसऱ्या भेटीत बाई जेमतेम दहा मिनिटं थांबल्या. त्यानंतर चार महिने नुसती वाट. फोन वाजला की तिच्या हातातली सुई निसटायची.

शेवटी चौदा महिन्यांची मुलगी घरी आली. दोन दिवस पोर उंबऱ्याशी बसून राहिली, मूठ आवळून. रडली नाही, हट्ट नाही. त्या गप्प राहण्याचीच धास्ती वाटायची.

"हिला आपण नको आहोत," ती नवऱ्याजवळ पुटपुटली.

"अगं, ओळख तरी होऊ दे," नवरा म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता.

तिसऱ्या दुपारी पोरीशेजारी बसलेली ती दुधाखालचा गॅस बंद करायला उठली. दोन पावलं गेली असेल नसेल, मागून पोरीनं भोकाड पसरलं.

दूध उतू गेलं. ते नवऱ्यानं बघितलं. ती तोवर उंबऱ्याशी पोचली होती.