कांचनचा कोपर

“डोळे मीट बघू. एक झटका, की झालं,” असं म्हणत हंबीररावांनी कांचनचा कोपराशी सुजलेला हात धरून ओढला.

पहिलीतली कांचन घसरगुंडीवरून पडली होती. ती ओरडली नाही. तिचे ओठ पांढरे पडले आणि तिने हंबीररावांच्या शर्टावरच उलटी केली.

शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या हंबीररावांचं तारुण्य बडोद्याच्या आखाड्यात गेलं होतं. मल्लखांबावरून कुणी पडलं, की वस्ताद हात ओढून बसवत आणि वर आंबेहळदीचा लेप लावत. शाळेतही आठवी-नववीची दांडगी पोरं मुरगळलेले पाय घेऊन हंबीररावांकडेच येत आणि लंगडत का होईना, परत खेळायला पळत. आपल्या पोरांना डॉक्टर लागत नाही, असा त्यांचा तोरा होता, आणि बडोद्यातल्या कारेलीबाग वस्तीतल्या आईबापांनीच तो चढवून ठेवला होता. मुलांचा पट घटला म्हणून यंदापासून दुपारचे लहान वर्गही सकाळी मोठ्यांबरोबर भरू लागले. सहा वर्षांच्या मुलाचं हाड त्यांच्या हाताखाली कधी आलंच नव्हतं. हे त्यांच्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. “हाथ कोणे खेंच्यो? कोणी ओढला हा?”

“पडली ती,” मुख्याध्यापिका निरुपमाबाई घाईघाईने म्हणाल्या.

“हाड मोडलेलं होतं. ओढल्यामुळे त्याचं टोक नसेवर गेलंय, बोटं हलत नाहीत. ऑपरेशन करून बघू,” डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर निरुपमाबाईंनी आवाज खाली आणला. “सर, पडताना लागलं, एवढंच सांगा. निवृत्तीला तुमचं वर्षच राहिलंय. आणि शाळेची अवस्था तुम्ही जाणताच.”

तेवढ्यात कांचनची आई सुनंदा धावत आली. नवरा रिफायनरीत पाळीवर होता.

“सर, तुम्ही होता म्हणून बरं. ह्यांचा खांदा तुम्हीच नव्हता का बसवला? रिक्षात मी तेच म्हणत होते, सर आहेत ना, मग चिंता नथी.”

हंबीररावांना गप्प बसायची सगळी सोय झालेली होती.

“सुनंदाबाई, पोरीचं हाड मोडलं होतं. मुरगळलंय समजून मी ओढलं. बोटं हलत नाहीत, ती त्यानं. पडल्यामुळं नाही.”

निरुपमाबाई खिडकीकडे वळल्या. सुनंदा हंबीररावांच्या हातांकडे बघत राहिली.

“तुम्ही तर आमचे सर,” एवढंच ती म्हणाली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर कांचनची बोटं जराशी हलली. हात वाचला, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हंबीररावांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. डोळे पुसून ते खाटेजवळ गेले.

“बरं वाटतंय का बेटा?”

कांचनने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपला धड असलेला हात तिने हळूच चादरीखाली घेतला.