माझी पंचवीस किलोंची बैठक

मी मकासोलणी बोलतेय. तोंडात कणीस द्यायचं, हाताने चाक फिरवायचं; दाणे खाली, रिकामं कणीस बाहेर. वीज नको की डिझेल नको.

माझा जन्म नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारखान्याचे मालक झुलालनाना. वस्तू उचलताना घाम फुटला तरच ती टिकाऊ, असं त्यांचं मत. म्हणून माझ्याखाली पंचवीस किलोंची बिडाची, म्हणजे भरीव ओतलेल्या लोखंडाची, बैठक आणि तिच्यावर ओतीव वेलबुट्टी. मी तर स्वतःला राणीच समजत होते!

पण राणीला कुणी न्यायला तयार नव्हतं. माझ्या बहिणी गोदामात धूळ खात पडल्या. "दिवाळीनंतर सोलणी बंद," नानांनी एके दिवशी सांगून टाकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत म्हणे.

तेवढ्यात धुळ्याची ममता नवी इंजिनियर म्हणून कारखान्यात रुजू झाली. तिने मला टेबलावर घेतलं आणि पार सुटं केलं. मला लाजच वाटली. एकेक भाग हातात घेऊन ती विचारायची, "हा काय काम करतो, नाना?"

दाते दाणे काढतात. चाक जोर टिकवतं. वेलबुट्टी... नाना खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि बैठक?"

"यंत्र हलू देत नाही."

"मग न हलणं हे खरं काम. त्याला एवढं बीडच लागतं का?"

"माझ्या दात्यांना हात लावू नकोस हं, पोरी!" नाना घाईने म्हणाले.

"दाते पत्र्याचे केले तर स्वस्त पडेल नाना, पण मग ती सोलणी राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती मला गिऱ्हाइकांना दाखवायला निघाली, तर नाना गाडीत तिच्या शेजारी येऊन बसले. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी, मका पिकवणाऱ्या भुरीबाईच्या अंगणात पोहोचलो. तिने मला फिरवून पाहिलं आणि खूश झाली. मग उचलायला गेली आणि तसंच सोडून दिलं.

"मशीन बेस शे ताई, पन इतलं जड! नाला वलांडीसन लई जावानं कसं?"

तिथे पाच घरांत मिळून एक वस्तू वापरतात. आज या टेकडीवर, उद्या नाला ओलांडून त्या टेकडीवर न्यायची.

पुढच्या खेपेला मी आले ती बैठक सोडून, दोन पातळ लोखंडी पट्ट्यांवर. भुरीबाईने चाकाला गती दिली मात्र, मी शेळीसारखी उड्या मारत अंगणभर निघाले! टोपली कलंडली, दाणे उधळले, कोंबड्या धावल्या.

"आज तं बठ्ठा मका कोंबड्यासना!" भुरीबाई पोट धरून हसली.

"म्हणून बैठक होती," नाना म्हणाले. ममताचा चेहरा मात्र उतरला.

भुरीबाईने तिच्यासाठी एक फळी सरकवली. "बस ना ताई, चहा ले."

फळीचं एक टोक माझ्या पट्ट्यांवर पडलं. ममता त्यावर बसली आणि कप हातात असतानाच उगीच चाक फिरवू लागली. एक कणीस गेलं, दुसरं गेलं. मी जागची हलले नाही! तिने फिरवणं थांबवून खाली पाहिलं. मग ती ओरडलीच, "नाना, सोलायला माणूस बसणारच आहे! वजन यंत्रात कशाला घालायचं?"

नानांनी तिला उठवलं, स्वतः फळीवर बसले आणि टोपली संपेपर्यंत सोलत राहिले.

"दाते माझेच आहेत," शेवटी ते म्हणाले. "बाकी तुझं."

माझ्या बहिणीही बैठक सोडून पट्ट्यांवर आल्या, विकल्या गेल्या आणि गोदाम रिकामं झालं. त्या बैठका वितळवून नव्या सोलण्यांची चाकं ओतली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मी भुरीबाईच्या पाड्यावर राहते. हंगामात रोज दारोदार हिंडते, बाकी वर्षभर आढ्याला टांगलेली असते. रंग उडालाय, त्याचं काही नाही. फक्त दात्यांना थेंबभर तेल द्यायला विसरू नका. बरं, निघते. नाल्यापलीकडून हाक आलीये, आणि भुरीबाईने मला काखेत मारलंसुद्धा.